दिंडीचा आवाज जोडताना
(शताब्दी सोहळ्यात किनवट येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



 मी दिंडीत मागं चालणारा माणूस. मला बोलायची सवय नाही. पण काल हरिपाठ झाल्यावर आपण सगळ्यांनी जे वीस मिनिटांचं ध्वनिमुद्रण ऐकलं, ते कसं तयार झालं ते सांगा, असा कमिटीचा आग्रह पडला. त्यात माझ्या हातून एक चूक झाली होती. तीही सांगतो.

माझ्याजवळ तीन प्रकारचं सामान होतं. एक, घरोघरून गोळा केलेल्या जुन्या कॅसेटी. दुसरं, दोन वर्षं वारीच्या वाटेवर मोबाइलवर घेतलेले आवाज: पहाटेचा काकडा, तंबूचे खुंटे ठोकणं, टँकरखाली भांड्यांची आदळआपट, चिखलातली पावलं. पैनगंगेचं पाणी मात्र इथंच, घरून निघायच्या दिवशी घेतलं. तिसरं, गावात दोन-तीन घरी राहिलेल्या गाण्याच्या रेकॉर्डी.

कॅसेटींना बुरशी धरली होती. त्या पुसून लावल्या, तर आपल्या जुन्या विणेकरी बाबांचा आवाज पोरासारखा बारीक निघाला! भरताना टेपमधले सेल उतरलेले असणार. फीत हळू फिरली, म्हणून आज नेमक्या वेगानं लावली की ती पळते. मग बरोबर वेग कसा काढायचा? कॅसेटमध्ये जी पेटी वाजते, ती अजून आपल्या मंदिरात आहे. तिचा काळी चारचा सूर धरला आणि कॅसेटमधली पेटी त्याला मिळेपर्यंत वेग कमी केला. बाबांचा आवाज जागेवर आला. ऐकणारी म्हातारी माणसं रडायलीत, हे मी डोळ्यांनी बघितलं.

त्या कॅसेटमध्ये सोमवारचे वाराचे अभंग आहेत, आणि त्यांची चाल आज आपल्यातल्या पन्नाशीच्या आतल्या एकालाही येत नाही. असं का झालं, ते रेकॉर्डींकडं बघून कळतं. 1902 साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग कलकत्त्याला आले आणि आपल्या देशातलं गाणं भरून घेऊन गेले. पुढं कितीतरी वर्षं रेकॉर्डी लाखेच्या असत. आपल्या रानात पळसावर किडे जी लाख करतात, तसलीच लाख, त्यात दगडाची भुकटी. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचंच गाणं मावायचं. आपल्या दिंडीत एक अभंग गावाच्या शिवेपासून पुढच्या ओढ्यापर्यंत पुरतो. तबकडीत तो तीन मिनिटांत बसवावा लागे.

मग प्लास्टिकच्या मोठ्या रेकॉर्डी आल्या, रेडिओ आला, कॅसेट आली. राम फाटकांनी बांधलेल्या चाली पंडित भीमसेन जोशींच्या गळ्यातून आल्या, श्रीनिवास खळ्यांच्या चाली लताबाईंच्या गळ्यातून आल्या. त्या गोडच आहेत, मीही म्हणतो. पण पोरं ऐकून ऐकून त्याच म्हणायली, आणि घरची चाल कोणी शिकवली नाही, कोणी विचारली नाही.

आता आवाज कापून जोडायचं काम. 1948 साली पॅरिसमध्ये पिएर शेफर नावाच्या माणसानं रेल्वे इंजिनांचे आवाज तबकड्यांवर भरले आणि तेच फिरवून संगीत केलं. पुढं न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतली पोरं दोन रेकॉर्डप्लेअर शेजारी ठेवून गाण्यातला ठेक्याचा तेवढाच तुकडा पुन्हापुन्हा वाजवू लागली. मला ते परकं वाटलं नाही. कीर्तनात टाळकरी ध्रुपद धरून ठेवतात आणि महाराज पुढं जातात, तसंच हे. पावलांचा तुकडा मी ध्रुपदासारखा धरला आणि त्यावर बाकीचे आवाज आणून बसवले.

इथंच चूक झाली. एका कॅसेटमध्ये माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. ओवीला ताल कुठला? जातं फिरेल तशी ती चालते. मी तिला भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत बसवायला गेलो. एक ओळ बाहेर जायली, म्हणून कापली. थोरल्या काकूंना ऐकवलं. त्या गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "बाबू, आत्याबाईचा आवाज हाय खरा. पण लेकीचं नाव घेतलं होतं त्यात. ते काहून काढलंस?"

ती लेक म्हणजे माझी आत्या, लहानपणीच गेलेली. तिचा फोटो नाही. तिचं नाव उरलं होतं ते त्या एका ओळीत, आणि मी ते मात्रेसाठी कापलं.

ओळ परत घातली. काल ऐकताना तुम्हाला जाणवलं असेल, तिथं मृदंग थांबतो आणि नुसती जात्याची घरघर राहते.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी गावोगाव फिरून बायांच्या जात्यावरच्या एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. आज त्या 'परी'च्या संकेतस्थळावर ऐकता-वाचता येतात, आणि तिथं गाणाऱ्या बाईचं नाव-गाव दिलेलं असतं. ते बघून मीही आपल्या ध्वनिमुद्रणात प्रत्येक आवाजाचं नाव लिहिलं, घरच्यांना विचारून. रेकॉर्डींचे तुकडे मात्र काढून टाकले. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा आहे, पण रेकॉर्डवर कायद्यानं साठ वर्षं मालकाचा हक्क असतो. त्यातली फक्त सुईची खरखर ठेवली आहे.

आता मागणं एवढंच. कपाटात, पेटाऱ्यात कॅसेट असेल तर फेकू नका. घेऊन या. आवाज कोणाचा, कुठल्या सालचा, ते कागदावर लिहून आणा. आणि मोबाइलमध्ये चाल जपून ठेवली म्हणून निश्चिंत होऊ नका. सोमवारची जुनी चाल येणारे दोन बाबा आपल्यात अजून आहेत, समोरच बसलेत. दर एकादशीला जागराच्या आधी एक तास पोरांनी त्यांच्यासमोर बसावं. पुढच्या वारीत पहिल्या सोमवारी वाराचे अभंग त्या चालीत व्हावेत. त्या दिवशी मी मोबाइल पिशवीत ठेवीन आणि टाळ घेईन.