विषाणू दबला, हृदयास जपा
(खडकी येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



आयुष्यभर खडू-फळ्याशी संबंध आलेल्या आमच्यासारख्याने वैद्यकावर बोलावे, हे धाडसच होय. तथापि विषय घरोघरचा आहे.

खडकीनजीक भोसरीस १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली, त्या काळी एचआयव्हीची बाधा म्हणजे मृत्यूचे बोलावणेच असे. २००४ पासून सरकार औषधे मोफत देऊ लागले आणि आज कित्येक बाधित गृहस्थ नातवंडे खेळवीत आहेत. परंतु आयुष्य वाढले, तसा हृदयविकार पुढे ठाकला. औषधाने विषाणू दबला तरी शरीरात मंद दाह धुमसत राहतो व रक्तवाहिन्यांस इजा पोचते. इतरांच्या मानाने धोका सुमारे दुप्पट होतो. तंबाखू, मधुमेह व रक्तदाब यांची भर निराळीच.

भारतासह १२ देशांतील ७,७६९ बाधितांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. पिटाव्हास्टॅटिनच्या रोजच्या गोळीने हृदयाघात, पक्षाघात आदी गंभीर विकार सुमारे ३५ टक्क्यांनी घटले. मात्र त्याच वर्गातील काही गोळ्या विषाणूवरील काही औषधांबरोबर घेतल्यास अपाय करतात. म्हणून हृदयाच्या डॉक्टरांपासून मूळ बाधा लपविणे घातक.

आणि लपवावी लागते कोणामुळे? आपल्यामुळेच! पंगतीत कुजबुज होईल, मुलांच्या सोयरिकी अडतील, हे भय. २०१७ च्या कायद्याने भेदभावास बंदी केली. तीच बंदी ज्ञातीने मनापासून पाळावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.