गच्चीवरची चार लेबलं

फौजी माणूस बोलायला उभा राहिला की लोकांना सीमेवरच्या गोष्टी हव्या असतात. मी आज एका लेबलाची गोष्ट सांगणार आहे.

मार्च २०२४. बेंगळुरूत पाण्याची टंचाई. पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली किंवा बागेला ते घातलं, तर पाच हजार रुपये दंड. आमच्या सोसायटीत टँकर येत होते. इथल्या मोठ्या सोसायट्यांत सांडपाणी शुद्ध करून फ्लशला आणि बागेला वापरतात. त्यामुळे गच्चीवर दोन पाइप: एक पिण्याच्या पाण्याचा, एक या पाण्याचा. दोन्ही पांढरे. फरक सांगायला फक्त लेबल. ती लेबलं मीच घरच्या इंकजेटवर छापली होती, वरून चिकटपट्टी लावून.

गळती काढायला नवा प्लंबर आला, तेव्हा लेबलं कोरी पडली होती. त्याने अंदाजाने जोडणी केली. दुसऱ्या सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना नळाच्या पाण्याला वास आला. कुणी प्यायलं नव्हतं, हे नशीब. टंचाईच्या दिवसांत भरलेली अख्खी टाकी ओतून द्यावी लागली. सगळे प्लंबरवर ओरडले. चूक माझी होती.

मग मी चाचणी घेतली. चार प्रकारची लेबलं. प्रत्येकाची एक प्रत उन्हातल्या पाइपवर, एक प्लास्टिकच्या टाकीवर आणि एक कपाटात, तुलनेसाठी. मे ते नोव्हेंबर, दर रविवारी फोटो.

इंकजेटचा कागद पहिल्याच वळवाच्या सरीत ओघळला. चिकटपट्टी लावलेला थोडा जास्त टिकला, पण कडेने पाणी शिरलं आणि पट्टी पिवळी पडली. कुरिअरवाले वापरतात ते थर्मल लेबल उन्हाने काळवंडलं. त्यात शाई नसतेच, उष्णतेनेच अक्षर उमटतं. पॉलिएस्टरवर लेझर प्रिंटरने छापलेलं मात्र नोव्हेंबरातही वाचता येत होतं. त्यातही लाल फिका पडला, काळा राहिला.

टाकीवर मात्र चारही सुटली. या टाक्या पॉलिथिनच्या असतात, त्यावर साधा गोंद नीट धरत नाही. तिथे आता तारेने बांधलेली पत्र्याची पाटी आहे.

तुम्हाला करायचं असेल तर एवढं पाळा. जागा स्पिरिटने पुसून कोरडी करा. लेबलाचे कोपरे गोल कापा. टोकदार कोपरा आधी उचलतो. अंगठ्याने दाबून बसवा आणि एक दिवस पाणी लागू देऊ नका. साधं व्हिनाइल लेझर प्रिंटरमध्ये घालू नका, आतल्या उष्णतेने ते वितळतं. फक्त रंगावर विसंबू नका. आमच्या लेबलावर आता कन्नड, हिंदी आणि फुली मारलेला पेला आहे, कारण पाइप कापणारा माणूस इंग्रजी वाचेलच असं नाही.

आणि दर सहा महिन्यांनी गच्चीवर जाऊन लेबल स्वतः वाचा. लेबल लावलंय, या समाधानात मी दोन वर्षं वर गेलोच नव्हतो. त्या आजी अजून जिन्यात भेटल्या की विचारतात, "कर्नलसाहेब, आज कुठलं पाणी?" मी हसतो, पण त्या रविवारी वर जातोच.