आधी रस्ता, मग प्लॉट
(जिल्हा बैठकीतील भाषण)



रानात बैलगाडी जायला वाट नसली म्हणजे काय हाल होतात, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. वेचलेला कापूस डोक्यावरून वाहावा लागतो. निदान शेतासाठी जमीन महसूल अधिनियम 1966 चे कलम 143 आहे. तहसीलदाराकडे अर्ज करून बांधावरून वाट मागता येते. पण त्याच रानावर शहर चढले म्हणजे?

शहराकडेची जमीन एका दिवसात विकली जात नाही. आज या बांधापर्यंतचे चार एकर, दोन वर्षांनी पलीकडचे तीन. प्लॉट पाडणारा डांबरी रस्त्यापासून एक गल्ली काढतो आणि बांधाला नेऊन थांबवतो. पलीकडची गल्लीही त्याच बांधाशी येऊन संपते. घराला घर लागलेले, पण शेजारी जायचे तर मोठ्या रस्त्यावरून वळसा. शाळेची पोरे, पाण्याचा टँकर, आगीचा बंब, सारे त्या एकाच रस्त्यावर. मग तो तुंबतो. तो रुंद करायला पुन्हा जमीन कोणाची जाते? आपलीच!

घर पाडून नवे बांधता येते. चुकलेली गल्ली पिढ्यान् पिढ्या तशीच राहते. 2001 साली महाराष्ट्रात गुंठेवारीचा कायदा झाला. प्लॉट नियमित करायची सोय झाली, पण दोन गल्ल्यांमधली भिंत कागदाने पडत नाही.

दुसरी रीत आहे, आणि ती जुनी आहे. मुंबई इलाख्यात 1915 साली नगररचनेचा कायदा झाला. शेजारशेजारच्या जमिनी नकाशावर एकत्र करायच्या, आधी रस्ते आखायचे, रस्त्या-शाळेपुरती जमीन काढून उरलेली ज्याची त्याला प्लॉट करून परत द्यायची. गुजरातने ही रीत टिकवली. अहमदाबादभोवतीच्या 76 किलोमीटरच्या सरदार पटेल रिंगरोडला बरीचशी जमीन अशाच योजनांतून मिळाली. आपल्याकडेही 1966 च्या नगररचना कायद्यात ही तरतूद आहे.

यात जमीन घटते, हे लपवायचे कारण नाही. म्हणून किती गुंठे गेले, कशासाठी गेले, उरलेल्याची किंमत काय धरली, हा हिशेब प्रत्येकाच्या हाती लेखी पाहिजे. मुदतही बांधून घेतली पाहिजे. योजना रखडली तर ना पेरणी, ना प्लॉट.

जमीन विकायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमचे म्हणणे एवढेच, की शहर शिवेवर आले म्हणजे विकणाऱ्याने आणि न विकणाऱ्यानेही गटाचा नकाशा मध्ये ठेवून एकत्र बसावे. बांधावरून आपण पुष्कळ भांडलो. त्या बांधाची भिंत होण्याआधी एकदा बसू या.