झेपत नाही, ते कोणाला?



रात्री वडशाच्या कंपनीचं नाटक आहे आणि मंडपातली निम्मी गर्दी त्यासाठीच थांबली आहे, हे मला ठाऊक आहे. स्वागताध्यक्षांनीही कानात सांगितलं, "मॅडम, हलकंफुलकं बोला." पण संमेलनाध्यक्षाच्या हातात माईक एकदाच येतो आणि मी तो भांडायला वापरणार आहे. भांडण बाहेरच्यांशी नाही. समोरच्या तीन रांगांत बसलेल्या मराठीच्या शिक्षकांशी आहे, आणि मागे उभ्या असलेल्या पालकांशीही.

मिलिंद बोकिलांची 'शाळा' २००४ साली मौजेनं काढली. नववीतला मुकुंद जोशी, आणीबाणीचा काळ, सुऱ्या, फावड्या, चित्रे ही टोळी, आणि मुकुंदला आवडणारी शिरोडकर. मराठीत वयात येण्याची गोष्ट इतकी नितळ फार थोड्यांनी सांगितली आहे. ही कादंबरी नववी ते अकरावीच्या वर्गात अख्खी वाचावी, असं मी चंद्रपूर-गडचिरोली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या शिक्षकांना सांगत फिरते. उत्तर ठरलेलं असतं. "मॅडम, आपल्या पोट्ट्यांना झेपणार नाही."

कोणत्या पोट्ट्यांना? झाडीपट्टीत दिवाळी सरली की शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, निमित्तानं गावोगाव मंडप पडतात. आजीच्या मांडीवरचं पोर रात्री नाटकाला बसतं ते उजाडेपर्यंत. मधे लावणी होते, विनोदी पात्र येतं, खलनायकाला शिव्या बसतात, आणि सकाळी तेच पोर बंडीत बसून कोणाचं चुकलं यावर वाद घालतं. या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण फटाके फोडले. आठ-आठ तासांचं नाटक पचवणाऱ्या माणसांच्या मुलांना तीनशेच्या आसपास पानं जड जातात? रोज एका तासिकेला दहा पानं मोठ्यानं वाचली, तर महिना-सव्वा महिन्यात कादंबरी संपते. तेवढ्या वेळात आपण 'आकृतिबंध पूर्ण करा' आणि 'चौकटी भरा' करत बसतो. कृतिपत्रिकेत 'स्वमत' नावाचा प्रश्न असतो. त्याचं उत्तरसुद्धा गाईडमध्ये छापलेलं असतं आणि मुलं ते पाठ करतात. स्वतःचं मत पाठ करून लिहिणाऱ्या मुलांना कादंबरी झेपत नाही असं म्हणायचं, आणि त्यांना ते पाठ करायला लावणाऱ्या आपल्याला मात्र सगळं झेपतं!

दुसरं उत्तर जरा शिकलेलं असतं. 'शाळा' शहरी आहे, मध्यमवर्गीय आहे, जोशी-चित्र्यांची आहे, आपल्या झाडीतल्या मुलांशी तिचा काय संबंध? हे म्हणणाऱ्यांत झाडीबोलीच्या चळवळीतले माझे मित्रही आहेत, म्हणून जरा जोरात सांगते. याच बोकिलांनी धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखावर 'गोष्ट मेंढा गावाची' लिहिली. सामूहिक वनहक्क मिळवणारं देशातलं पहिलं गाव, २००९ साल. पुढे गोंडपिपरी तालुक्यातल्या बांबूवाल्या पाचगावाचीही कहाणी त्यांनीच लिहिली. तो माणूस आपल्या ग्रामसभांत बसून, ऐकून गेला. आपण त्याची नववीच्या मुलावरची कादंबरी वर्गात न्यायला लाजतो. आपल्या बोलीतलं साहित्य वाचलंच पाहिजे, ते मी कधीपासून सांगते आहे. पण 'आपलंच वाचा' म्हणजे 'दुसरं वाचू नका' असा अर्थ काढणाऱ्यांना मुलांची काळजी नसते, स्वतःच्या कुंपणाची असते.

आणि संबंध नाही म्हणता? अकरावीच्या वर्गात ती कादंबरी मी मोठ्यानं वाचत होते. आणीबाणीचं प्रकरण आलं. एटापल्लीकडच्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, आणीबाणी म्हणजे रोज पोलीस गावात येऊन नावं विचारतात, तसं का?" मी दोन मिनिटं गप्प होते. मुंबई-पुण्याच्या कोणत्या वर्गात हा प्रश्न आला असता, सांगा. त्या मुलाला १९७५ समजावून सांगावं लागलं नाही. उलट त्या तासाला त्यानंच आम्हाला त्याचं गाव समजावून सांगितलं. रात्री दार वाजलं की आई आधी कोणाला उठवते, इथपासून.

दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं तर कादंबरीलाच अडवलं. "सगळं मुकुंदच सांगतो. शिरोडकरला काय वाटलं, हे काऊन नाही लिहिलं?" कादंबरी मुकुंदच्या तोंडून आहे, शिरोडकर आपल्याला त्याच्याच डोळ्यांनी दिसते, आणि शेवटी ती त्याच्या जगातून निघून जाते. ही त्या रचनेची ताकद आहे आणि तीच मर्यादाही. समीक्षक यावर लेख लिहितात, त्या मुलीनं एका वाक्यात त्यावर बोट ठेवलं. मग मी मुलींना शिरोडकरच्या बाजूनं एक प्रकरण लिहायला सांगितलं. ज्यांच्या गावात पाळीच्या दिवसांत अजून कुरमाघरात बसावं लागतं, त्या मुलींनी काय लिहिलं, ते मी इथे वाचून दाखवणार नाही. ते त्यांचं आहे. पण वर्गातले मुलगे त्या दिवशी मधल्या सुट्टीत नेहमीसारखे ओरडले नाहीत, एवढं सांगते.

तिसरं उत्तर पालकांचं. "प्रेमाबिमाचं शिकवू नका." काका, तुमच्या मुलाच्या हातात मोबाईल आहे. त्यावर तो काय बघतो हे तुम्ही विचारत नाही, आणि एक मुलगा एका मुलीशी नीट बोलता यावं म्हणून वर्षभर तडफडतो, या पुस्तकाची मात्र भीती वाटते! वयात येण्याबद्दल घरात कोणी बोलत नाही, आश्रमशाळेच्या वसतिगृहात अधीक्षक बोलत नाही, तासाला आम्ही बोलत नाही. मग बोलतं कोण, ते तुम्हीच सांगा.

आता महाविद्यालयवाल्यांकडे वळते, ते मघापासून हसत आहेत. नेमाड्यांची 'कोसला' १९६३ची. लेखक तेव्हा पंचवीस वर्षांचा, नायकही तेवढाच. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग पुण्याला शिकायला जातो, बापाचे पैसे उडवतो, धाकट्या बहिणीच्या मरणानं मोडतो, आणि काहीच न होता गावी परततो. एम.ए.च्या पेपरात यावर उत्तर असतं: अस्तित्ववाद, परात्मता, नवी भाषा, मुद्दे पाच, गुण पंधरा. आणि उत्तर लिहिणारा कोण? बापानं धान विकून पाठवलेल्या पैशांवर पुण्याच्या अभ्यासिकेत काही वर्षं काढून, एमपीएससी न निघता सिंदेवाही-मूलच्या एसटीनं परत आलेला पोरगा. त्याला अस्तित्ववाद लिहिता येतो, पण समोरच्या पानावर आपणच बसलो आहोत हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. कारण पुस्तक त्यानं उघडलेलंच नसतं. नोट्स उघडलेल्या असतात. पूर्वी आपण नागपूर विद्यापीठाला दोष द्यायचो. २०११पासून गोंडवाना विद्यापीठ आपल्या दारात आहे. आता कोणाकडे बोट दाखवणार?

एका पुस्तकाचं नाव काढलं की मात्र स्टाफरूममध्ये चहाचे कप एकदम खाली ठेवले जातात. विलास मनोहर यांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म'. हेमलकशाला वर्षानुवर्षं राहून लिहिलेली, भामरागडच्या जंगलातल्या एका माडिया तरुणाच्या घडण्याची, खरं तर बिघडवल्या जाण्याची कादंबरी. हीसुद्धा वयात येण्याचीच गोष्ट आहे, आणि ती इथलीच आहे. ती बाहेरून आलेल्या माणसानं लिहिली, हा आक्षेप मी ऐकला आहे आणि मला तो मान्य आहे. म्हणूनच ती 'शाळा'शेजारी ठेवून वर्गात वाचली पाहिजे. जोशीच्या नववीत आणि या मुलाच्या नववीत, तो नववीपर्यंत पोचला असता तर, काय फरक पडला असता, हे मुलं आपल्यापेक्षा नीट सांगतील. आश्रमशाळेत शिकलेल्या मुलीनं स्वतः लिहिलेली कादंबरी मला मरायच्या आधी वाचायची आहे. ती चौकटी भरून येणार नाही.

पटसंख्या २०पेक्षा कमी म्हणून गावातल्या शाळा एकत्र करायच्या गोष्टी मुंबईत चालतात, तेव्हा आपण निवेदनं देतो. द्यावीतच. पण शाळा वाचवायची, आणि 'शाळा' वाचायची नाही?

संमेलनाचा ठराव क्रमांक तीन वाचून दाखवते. या संमेलनाच्या शिलकीतून, आणि पुढच्या वर्षी शाल-श्रीफळावर होणारा खर्च वाचवून, दोन्ही जिल्ह्यांतल्या तयार असलेल्या शाळांना 'शाळा'च्या प्रत्येकी ४० प्रती द्याव्यात. अट एकच, पुस्तक कपाटात कुलपात राहणार नाही, वर्गात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं जाईल, आणि त्यावर परीक्षा घेतली जाणार नाही. सूचक मी. माझी शाल ही घ्या, हिशेबात धरा. अनुमोदक हवा आहे. पालकांनी आणि नाटकवाल्यांनी जरा थांबावं, आधी पुढच्या तीन रांगांनी हात वर करावेत.