ग्रंथालयाचे खाते ग्रंथालयाच्या नावावर

ग्रंथपालांच्या या अधिवेशनात अनुदान, वेतनश्रेणी, वर्गबदल यांची चर्चा पुढच्या सत्रांत होईलच. मी एकाच विषयावर बोलणार आहे. आपल्या कार्यकारी मंडळांनी ग्रंथालयाच्या कामात समाजमाध्यमांना अधिकृत जागा दिली पाहिजे, आणि त्यासाठी आपण आजवर केलेली मांडणी बदलली पाहिजे.

जमाना बदलला, तरुण वाचक इन्स्टाग्रामवर गेला, आपणही तिथे असायला हवे, असे आपण मंडळाला सांगतो. विश्वस्त ऐकून घेतात आणि विषय पुढच्या बैठकीवर जातो, कारण त्यांना यात हौस दिसते, गरज दिसत नाही. वस्तुस्थिती वेगळीच आहे. समाजमाध्यम आपल्या ग्रंथालयांत केव्हाच शिरले आहे. बैठकीची सूचना, रजेचा अर्ज, जिल्हा ग्रंथालय कार्यालयाला तातडीने हवी असलेली माहिती, अमुक कादंबरी आली का ही सभासदाची चौकशी, सारे व्हॉट्सॲपवर चालते. मात्र ते कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या मोबाइलवर, त्याच्या खर्चाने, रात्री-अपरात्री चालते. तो निवृत्त झाला की सभासदांचे क्रमांक, चौकशा, व्याख्यानमालेची छायाचित्रे त्याच्याबरोबर जातात. दाखलनोंद वही कुणी घरी नेली तर मंडळ लेखी खुलासा मागेल. मग संस्थेचा हा सगळा व्यवहार एका व्यक्तीच्या खिशात राहिलेला मंडळाला कसा चालतो? म्हणून आपण नव्या गोष्टीची परवानगी मागू नये. चालू असलेला व्यवहार संस्थेच्या ताब्यात घ्या, असे सांगावे. जबाबदारीची ही भाषा विश्वस्तांना कळते.

एखादा चुकीचा मजकूर गेला तर संस्थेची बदनामी होईल, ही विश्वस्तांची भीती खरी आहे. पण ती बंदीने टळत नाही. खासगी क्रमांकावरूनही चुकीचा मजकूर जातो आणि तेव्हा उत्तरदायी कोण हेच ठरलेले नसते. शासकीय संस्थांनी समाजमाध्यमे कशी वापरावीत याची मार्गदर्शक चौकट केंद्र सरकारने 2012 मध्येच दिली. मुंबई पोलीस 2015 च्या डिसेंबरमध्ये ट्विटरवर आले. एका वाक्याने जिथे कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न उभा राहू शकतो ते खाते नियमांनी चालवता येत असेल, तर नव्या पुस्तकांची यादी देणारे खातेही चालवता येईल. वाचकाच्या खासगीपणाचा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. व्हॉट्सॲपच्या गटात प्रत्येकाचा क्रमांक इतरांना दिसतो. अनेक भगिनी सभासद त्यामुळेच गटात येत नाहीत. तिथे गट नकोच. 2023 पासून मिळणाऱ्या व्हॉट्सॲप चॅनेलमध्ये एका वाचकाचा क्रमांक दुसऱ्याला दिसत नाही. कोणी कोणते पुस्तक नेले, ही माहिती मात्र कोणत्याही माध्यमावर जाता कामा नये.

सर्वांत वजनदार आक्षेप आपल्याच ग्रंथपाल मंडळींचा आहे. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयात बहुधा एकच कर्मचारी, तोही तुटपुंज्या मानधनावर. देवघेव तोच पाहतो, झाडलोटही तोच करतो. त्याच्यावर हे आणखी एक ओझे का? माझे उत्तर स्पष्ट आहे: कामाच्या वेळेत यासाठी वेळ राखून ठेवलेला नसेल, संस्थेचा फोन आणि सिमकार्ड नसेल, तर हे काम त्याने स्वीकारू नये. आज तो हेच काम विनामोबदला करतो आहे. अधिकृत झाले तर ग्रंथालय बंद झाल्यावर उत्तर न देण्याचा हक्क त्याला मिळेल. वाचकाचा वेळ वाचवावा, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1931 मध्येच ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत सांगितले. पुस्तक आहे की नाही एवढे विचारायला दोन गावे ओलांडून येणाऱ्या वाचकाचा वेळ या मार्गाने वाचतो. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी दारावरचा फलक राहीलच. तो काढा असे कुणी म्हणत नाही.

आपल्या ग्रंथालय संघाने एक नमुना नियमावली करावी, अशी माझी सूचना आहे. तिचा तपशील संघाच्या नव्या कार्यकारिणीने ठरवावा. आपण मात्र तिची वाट पाहू नका. मंडळाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेसाठी हा विषय लेखी द्या, आणि निर्णय होकाराचा असो वा नकाराचा, तो इतिवृत्तात कारणांसह नोंदवून घ्या.