कवडसा दिसतो तिथे पाणी पडणार

आंब्याच्या पेट्या भरायची घाई आहे, कोकमं फोडायला आलीत, गरे तळायचेत, हे मला ठाऊक आहे. तेव्हा हात चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या. आज पावसाळ्याआधीच्या घराबद्दल बोलायचंय. घर तपासायचं कसं, तपासायचं कोणी आणि त्याला पैसे कुठून आणायचे.

आधी माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी मी आमच्या बचतगटाची अध्यक्ष होते. एप्रिलच्या बैठकीत गटातली एक जण म्हणाली, "वहिनी, पडवीवरचे दोन वासे गेलेत. चार हजार रुपये कर्ज द्या, मे महिन्यात बदलून घेते." त्या वर्षी आम्ही आगळ आणि लोणच्यासाठी पैसे राखून ठेवले होते. मीच म्हटलं, घरदुरुस्तीतून काही उत्पन्न निघत नाही, ते पुढच्या वर्षी बघू. सगळ्यांनी माना हलवल्या. ती काही बोलली नाही. जुलैत एका रात्री तिच्या पडवीचं पाखं खाली आलं. सासू खाली झोपली होती, तिच्या खांद्याचं हाड मोडलं. शेजारीच भाताची कणगी होती, वर्षाचं भात भिजून त्याला मोड आले. मग गटाने तिला पस्तीस हजार दिले आणि ते फेडता फेडता तिला दोन वर्षं लागली. तिने मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

म्हणून हे बोलणं.

आपल्या घरावर किती पाणी पडतं याचा कधी हिशेब केलाय? रत्नागिरीत जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमचं छप्पर पन्नास चौरस मीटर धरलं, म्हणजे साधारण मध्यम कौलारू घर, तर चार महिन्यांत त्यावरून दीड लाख लिटर पाणी वाहून जातं. दहा हजार लिटरचे पंधरा टँकर. त्यातला शंभरावा हिस्सा जरी आत आला तरी दीड हजार लिटर तुमच्या वाशांत आणि भिंतींत मुरलं. लाकूड एक-दोन पावसाळे सहन करतं. मग एका रात्री करत नाही.

आता बघायचं कसं. घर गळतं तेव्हा पाऊस असतो आणि पावसात कौलावर चढता येत नाही. उन्हाळ्यात चढता येतं, पण तेव्हा गळत नाही. यावर आमच्या सासूबाईंची युक्ती अशी. भर दुपारी बारा वाजता दारंखिडक्या लावून घ्यायच्या, घरात काळोख करायचा आणि वर बघायचं. जिथून उन्हाचा कवडसा खाली येतो तिथून पाणी येणार. कवडसा जमिनीवर पडतो तिथे नाही, वर कौलात जिथे उजेड दिसतो तिथे खूण धरायची. बांबूला कोळसा बांधून जवळच्या वाशावर रेघ ओढून ठेवा. गडी आला की त्याला वर शोधत बसायला लागत नाही, तुमचा अर्ध्या दिवसाचा रोज वाचतो.

पण एवढ्याने भागत नाही. ठिबकणारं पाणी भोकाच्या बरोबर खाली पडतंच असं नाही. ते वाशावरून घरंगळत येतं आणि भलतीकडेच टपकतं. म्हणून जिथे दरवर्षी पातेलं ठेवता, तिथून वाशाचा माग घेत आढ्याच्या दिशेने वर जायचं. वाशावर काळा ओघळ दिसेल. जिथे ओघळ सुरू होतो तिथलं कौल बघायचं. बहुतेक वेळा कौल फुटलेलंही नसतं, माकडांच्या उड्यांनी नुसतं सरकलेलं असतं. मंगलोरी कौलाला मागच्या बाजूला अडकण असते, ती रिपेत बसली नाही की एक बोट फट राहते. मंगलोरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला तेव्हापासून हे कौल पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पसरलं, आणि अजून त्याच्याइतकं थंड, सुटं सुटं बदलता येणारं छप्पर आपल्याकडे दुसरं नाही, हे माझं मत. पण ते दरवर्षी चाळून मागतं. जुन्या नळ्यांच्या घरांना तर शाकारणीशिवाय गत्यंतरच नाही.

वासा चांगला की गेलेला, हे डोळ्यांनी कळत नाही. रंगाखाली वाळवीने पोखरलेला वासा बाहेरून धडधाकट दिसतो. काठीने ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर सुरीचं टोक खुपसा. भिंतीत जिथे वाशाची टोकं बसतात तिथे आणि पडवीच्या वळचणीला आधी बघायचं, कारण ओल तिथे राहते. वाळवी मातीची नळी करून जमिनीतून वर चढते. नळी नुसती झाडून टाकली की आपल्याला समाधान वाटतं, वाळवीला काही फरक पडत नाही. ती कुठून आली ते शोधून जळाऊ लाकडाची रास, पेंढा, जुनी झापं भिंतीपासून दूर न्या. नव्या लाकडाला काजूच्या टरफलांचं काळं तेल लावायची आपली जुनी रीत चांगली आहे, पण ते तेल कातडी जाळतं. हातमोजे घाला आणि पोरांना लांब ठेवा.

छपरावर चढायचं काम मात्र माहीतगाराकडूनच करून घ्या. गावात असे हात आता दोन-चारच उरलेत आणि मे महिन्यात ते आंब्याच्या बागेत असतात. म्हणूनच आपण म्हणतो, आंबा संपू दे, मग बघू. मृगाला सात जूनला पाऊस येणार या हिशेबावर आपल्या आधीच्या पिढ्या जगल्या. पण २०२५ आठवा. वीस मेनंतर कोकणात धो धो सुरू झालं आणि पंचवीस मेला मोसमी पाऊस महाराष्ट्रात पोचलासुद्धा. १९९० नंतर इतक्या लवकर तो आला नव्हता. आमच्या वाडीत तीन घरांवर तेव्हा अर्धी कौलं उतरवलेली होती. आता आम्ही ठरवलंय, अक्षय तृतीयेच्या आत खुणा करायच्या आणि पंधरा मेच्या आत छप्पर पुरं करायचं. आंब्याच्या गड्यांपैकी दोघांना दोन दिवसांसाठी आधीच सांगून ठेवायचं. बागवाला कुरकुरतो. कुरकुरू दे.

यात दुसरी अडचण आहे ती जरा नाजूक. घराचे पैसे मुंबईहून येतात, आणि ते कधी येतात? गणपतीला. चाकरमानी येतात तेव्हा घर चकचकीत हवं, म्हणून श्रावणात रंग काढायचा. भिंत तेव्हा पाण्याने फुगलेली असते. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो, पावसाळाभर पाणी पितो. त्यावर तेलाचा रंग फासला की ओल आत कोंडते, दिवाळीला पापुद्रे सुटतात. म्हणजे रंगही गेला आणि वर वासाही तसाच. मी माझ्या दिरांना स्पष्ट सांगितलं, "भावजी, रंगाचे पैसे मेमध्ये पाठवा, मी त्यात कौलं घेते. गणपतीला भिंतीला चुना मारू." पहिल्या वर्षी ते रागावले. शेजाऱ्यांकडे डिस्टेंपर आणि आपल्याकडे चुना! पण चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. त्या वर्षी देवघरामागची बुरशी आली नाही, हे त्यांच्या बायकोनेच त्यांना दाखवलं.

पाणी छपरावरून खाली आलं की ते जातं कुठे, तेही बघायचं. पागोळ्या जोत्याजवळ पडून तिथेच डबकं होत असेल तर घराचा पाया दरवर्षी भिजतो. अंगण घरापासून बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवा, मागच्या दारचा चर पालापाचोळ्याने भरलेला असतो तो मोकळा करा. हे काम आपण स्वतः एका सकाळी करू शकतो, गडी लागत नाही.

ज्यांचं घर स्लॅबचं आहे त्यांना वाटतं, आपली यातून सुटका. तसं नाही. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत सळईला गंज लवकर चढतो. खाडीची न धुतलेली वाळू वापरली असेल तर मीठ आतच असतं. गंजलेली सळई फुगते आणि सिमेंट आतून फोडते. छताला सळईच्या रेषेत लांब भेग, तांबूस डाग, गिलाव्याचा पोकळ आवाज, हे दिसलं की वर नुसतं प्लास्टर फासून घेऊ नका, अभियंत्याला दाखवा. रत्नागिरी, चिपळूणला फ्लॅटमध्ये राहणाऱ्या लेकी-सुना ऐकत असतील तर त्यांच्यासाठी सांगते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची रचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा, तीसच्या वरच्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा करायची असते. सभेत हा विषय काढा. महाडला २४ ऑगस्ट २०२० ला तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली, सोळा माणसं गेली. ती काही फार जुनी नव्हती. निकृष्ट बांधकामाबद्दल गुन्हे नोंदले गेले. वाईट बांधलेली इमारत देखभालीने चांगली होत नाही, हे खरं. पण खांबाला नवी भेग पडलेली दिसली तर माणसं वेळेत बाहेर पडू शकतात.

पत्र्याचं छप्पर असेल तर हूक-बोल्ट बघा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली, मंडणगडकडे पत्रे कागदासारखे उडाले. बोल्टचा वायसर सडला की तिथून पाणीही येतं आणि वाराही पत्रा उचलतो.

आणि वीज. हे मी मुद्दाम जरा सावकाश सांगते. कपडे वाळत घालायला आपण पडवीत लोखंडी तार बांधतो. तिचं एक टोक पत्र्याच्या खांबाला असतं. ओल्या भिंतीतली वायर कुठे उघडी पडली, पत्र्याला लागली, की ती तार विजेची तार होते. आपण ओले कपडे घेऊन ओल्या पायांनी तिला हात लावतो. तार आजच काढून टाका, नायलॉनची दोरी बांधा. घराला ईएलसीबी किंवा आरसीसीबी बसवून घ्या, तीस मिलिॲम्पिअरचा. वीज गळली की तो क्षणात बंद पडतो. त्याच्यावर एक बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं. दाबल्यावर वीज गेली तर यंत्र ठीक आहे, नाही गेली तर वायरमनला बोलवायचं. पावसात तो सारखा पडायला लागला तर त्याला शिव्या घालून तारा थेट जोडून घेऊ नका. तो पडतोय याचा अर्थ कुठेतरी वीज गळतेय.

गटाच्या शेडचंही असंच. आमच्या पापडाच्या खोलीला एका कोपऱ्यात ओल होती, आम्ही तिथे पोती लावून ती झाकली. त्या पावसाळ्यात पापडांना बुरशी आली आणि एक पूर्ण मागणी परत आली. खोली भाड्याची, मालक म्हणे तुम्ही करा, आम्ही म्हणू मालकाने करावं. आता भाड्याच्या करारातच लिहून घेतलंय की छप्पर आणि पन्हळ मालकाने मेमध्ये बघायचं, आतली डागडुजी आमची. माल भिंतीपासून वीतभर सोडून, लाकडी फळ्यांवर ठेवतो. गिरणीची मोटारही उंचावर घेतली.

आता पैशांचं. आम्ही गटाच्या नियमात बदल केला. एप्रिलच्या बैठकीत पहिला विषय घरदुरुस्तीच्या कर्जाचा. पाच हजारांपर्यंतचं कर्ज त्याच बैठकीत मंजूर, उत्पन्न किती निघेल हा प्रश्न विचारायचा नाही. प्रत्येकीने घराची एक वही ठेवायची. पावसाळ्यात पातेलं कुठे ठेवलं, कोणत्या भिंतीला घाम आला, बटण कधी दाबलं, कौलं किती आणली, गड्याला काय दिलं. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारी नात लिहील. मुंबईला फोन करताना ही वही समोर असली की बोलणं वेगळं होतं. "गळतंय" म्हटलं की ते म्हणतात, "नेहमीच गळतं." "मधल्या खोलीत सहा कौलं आणि एक वासा" म्हटलं की विचारतात, "किती पाठवू?"

वहीसोबत ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उताराही काढून बघा. घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावता येतं, त्यासाठी ग्रामविकास खात्याने २००३ मध्येच परिपत्रक काढलंय. वादळानंतर पंचनाम्याला माणूस येतो तेव्हा पहिला प्रश्न घर कोणाच्या नावावर, हाच असतो. बारा महिने त्या छपराखाली आपण राहतो, आणि उत्तर द्यायला फोन लावावा लागतो मुंबईला.

आमच्या वाडीत या रविवारी दुपारी कवडसे बघायची फेरी आहे. चौघीचौघींनी एकेका घरात जायचं, जिच्या घरी म्हाताऱ्या एकट्या राहतात तिथे आधी. त्या पडवीवाल्या मैत्रिणीकडे लांब बांबू आहे, तो ती घेऊन येणार आहे. तुमच्या वाडीत कोणाकडे चांगली शिडी आहे, ते आजच विचारून ठेवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात ती सगळ्यांनाच हवी असते.