अपयशाचे मोल



प्रतिवर्षी परीक्षांचे निकाल लागले की समाजात गुणगौरव समारंभ होतात. उत्तम गुण मिळविणाऱ्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. ते उचितच आहे. परंतु त्याच दिवशी एखाद्या घरी अनुत्तीर्ण झालेला मुलगा दार लावून बसलेला असतो आणि त्याचे आईवडील नातेवाइकांची नजर चुकवीत असतात. त्या मुलास समाज काय सांगणार?

याचे उत्तर समाजाच्याच इतिहासात आहे. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन कुटुंबात भाऊराव पाटील यांचा जन्म झाला. कोल्हापुरात शिकत असताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले आणि त्यापायी राहते जैन वसतिगृह त्यांना सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मॅट्रिकचे यशही त्यांच्या पदरी पडले नाही. त्या काळच्या हिशेबाने मुलगा वाया गेला होता!

पुढे त्यांनी शिकवण्या केल्या, गावोगाव फिरून नांगर विकले. त्या भ्रमंतीत खेड्यातील अज्ञानाचे दर्शन घडले आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था जन्मास आली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसू लागली. हे साहस सोपे नव्हते. मुलांच्या अन्नासाठी सौ. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही, खर्ची घातले. १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले आणि 'कमवा व शिका' या मार्गाने निर्धन विद्यार्थ्यांस उच्च शिक्षण खुले झाले. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने मॅट्रिकही न झालेल्या या कर्मवीरांस सन्मानपूर्वक डी.लिट्. अर्पण केली.

अपयश म्हणजे भूषण नव्हे आणि साहस म्हणजे उतावीळपणा नव्हे. अभ्यासातील आळसाचे समर्थन कर्मवीरांच्या चरित्रातून निघत नाही. मात्र एका निकालावरून माणसाची किंमत ठरविणारा समाज स्वतःच अनुत्तीर्ण होतो, हे त्यातून निश्चित निघते. ज्याला एकेकाळी वसतिगृह सोडावे लागले, त्याच्याच नावाने आज समाजाची मान उंचावते.

म्हणून गुणवंतांच्या पारितोषिकांबरोबरच पुन्हा परीक्षेस बसणाऱ्यांसाठी आणि अनोळखी वाट निवडणाऱ्यांसाठीही विश्वस्त संस्थांनी साहाय्यनिधी ठेवावा. पडलेल्यास उठविणारा हात हेच ज्ञानदानाचे खरे रूप होय.

जय जिनेंद्र!